पुराण सांगणारे पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स



आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बायबल आहे. कुणाला ते लग्नात भेट मिळाले, कुणाला प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना मिळाले, आणि तरुण मंडळींच्या मोबाईलमध्ये तर ते सदैव खिशातच असते. ते रोज उघडले जाते का, हा प्रश्न प्रवचनात पुष्कळ वेळा विचारून झाला आहे, म्हणून मी तो पुन्हा विचारत नाही. त्याऐवजी अशा एका धर्मगुरूची हकिकत सांगतो, ज्याच्या काळी मराठीत छापलेले बायबल नव्हते, ज्याच्या लोकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि तरीही ज्याने देवाची वाणी त्यांच्या घरात आणि ओठांवर पोहोचवली. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. ‘क्रिस्तपुराण’ हा त्यांचा ग्रंथ. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या अनेकांना पाठ आहेत. त्या ओव्या प्रसिद्ध झाल्या आणि बाकीचा ग्रंथ मात्र कपाटात राहिला, हे मला नेहमी खटकते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलगा हुशार निघाला, शिकला. पण तो काळ इंग्लंडमधल्या कॅथलिकांसाठी फार कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात मिस्सा करणे आणि धर्मगुरूंना घरात आसरा देणे या गोष्टी माणसाला तुरुंगात नेऊ शकत होत्या. पुढे पुढे तर फासापर्यंतही. थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांचे स्नेही होते. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा असे ठरविले. कुणाला संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स सेवकाचा वेष घेऊन पाउंड यांच्याबरोबर राहत असत. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यानंतर त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. पण मित्राला ते विसरले नाहीत. पाउंड यांनाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे लेखी विनंती केली आणि १५७८ साली पाउंड तुरुंगात असतानाच त्यांना संघाचे सभासद करून घेण्यात आले.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बन बंदरातून जहाजात बसले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात वारे, पाऊस, पक्षी, मासे, खलाशांचे आजार असे सर्व काही आहे. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले व तिथल्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचे नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० सालची. म्हणजे कंपनीच्या वखारी यायच्या कितीतरी आधी एक इंग्रज इथे आला होता, आणि तो परत जायचे नाही असे ठरवून आला होता.

१५८० साली गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली व दक्षिणेकडील साष्टी भागात त्यांची नेमणूक झाली. मडगाव, रायतूर व आसपासची खेडी हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. मधली थोडी वर्षे सोडली तर उरलेले सारे आयुष्य, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांनी तिथेच काढली. पोर्तुगीज त्यांना पाद्री इस्तेव्हांव म्हणत. त्यांच्या दिवसाचे काम आपल्या ओळखीचेच होते. सकाळी मिस्सा, मुलांना धर्मशिक्षण, कबुलीजबाब, आजाऱ्यांकडे जाणे, बाप्तिस्मा, लग्ने, मर्तिके, गावातले तंटे. कधी ते महाविद्यालयाचे रेक्टर असत, तर कधी एखाद्या खेड्यातले साधे धर्मगुरू. मोठमोठे ग्रंथ लिहिणारा माणूस एकांतात बसून लिहीत असेल असे आपल्याला वाटते. यांना एकांत मिळाला असेल असे दिसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती गाळून स्टीफन्स यांची गोष्ट सांगणे खरे होणार नाही. साष्टीत ख्रिस्ती धर्म आला तो पोर्तुगीज सत्तेच्या छायेत आला. १५६७ साली त्या भागातील देवळे पाडण्यात आली होती. जुने सण, जुन्या पोथ्या यांवर बंदी आली होती. लोकांच्या मनात राग होता. जुलै १५८३ मध्ये फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळी गावी गेले, तेव्हा जमावाने त्यांना ठार मारले. हे आक्वाविवा म्हणजे अकबर बादशहाच्या दरबारात जाऊन नुकतेच परतलेले धर्मगुरू. त्यांचे व सोबत्यांचे देह परत मिळवून दफन करण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावकरी प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना मारून टाकले. एकाच गावच्या मातीत दोन्हीकडचे रक्त सांडले.

त्यावेळी स्टीफन्स चौतिशीत होते. भारतात येऊन त्यांना चार वर्षेही झाली नव्हती. मायदेशी त्यांचे मित्र धर्मासाठी तुरुंगात होते, आणि इथे सहकाऱ्यांचे देह त्यांनी स्वतः पाहिले होते. बदली मागून दुसरीकडे जाणे त्यांना कदाचित शक्यही झाले असते. ते साष्टीतच राहिले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्यांनी भाऊ रिचर्ड यांना लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकिकत तर आहेच, पण इथल्या भाषांचेही कौतुक आहे. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांनी त्यात नोंदविले. हेच साम्य विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात जगापुढे मांडले, ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. ज्या गावांत आपल्या माणसांचा खून झाला, त्या गावांची भाषा मनापासून आवडावी, याला मी भाषेचे प्रेम एवढेच म्हणणार नाही.

ते कोकणी बोलायला शिकले, मराठी वाचायला शिकले. गोव्यात त्याकाळी घरात कोकणी बोलत आणि पोथी-पुराणांची भाषा मराठी असे. पैठणचे एकनाथ महाराज तेव्हा हयात होते. १५९९ साली त्यांनी देह ठेवला. संस्कृतात बंद असलेले ज्ञान सामान्यांसाठी ओवीत आणण्याचे काम एकनाथांनी केले होते. त्याच काळात त्याच ओवीची गोडी साष्टीतला हा परदेशी धर्मगुरू जाणून घेत होता. ओवी म्हणजे चार चरण, त्यातल्या पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा. ती सहज पाठ होते, आणि हातात काम असतानाही म्हणता येते. आपल्या असोद्यात हे वेगळे सांगायची गरज नाही. १८८० साली इथे महाजनांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून ओवी निघत होती. त्यांची गाणी कागदावर आली ती मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींमुळे, आणि पुस्तक निघाले १९५२ साली, त्या गेल्यानंतर. ज्याला अक्षर येत नाही त्याला काहीच येत नाही असे मानणे किती चुकीचे आहे, हे खानदेशाने बहिणाबाईंकडून शिकले आहे. स्टीफन्स यांना ते साष्टीतल्या लोकांकडून कळले.

पुराण लिहिण्याचे निमित्त काय झाले, ते त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने त्यांच्याजवळ गाऱ्हाणे मांडले. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. धर्मशिक्षणातली प्रश्नोत्तरे ठीक आहेत, पण सुटीच्या दिवशी, सणाच्या दिवशी, संध्याकाळी चार माणसे जमल्यावर ऐकायचे काय?

मला वाटते, या गाऱ्हाण्यात फार मोठी वेदना आहे. माणसाकडून काही काढून घेणे सोपे असते. सत्ता असली की हुकूम काढला म्हणजे झाले. पण रिकाम्या झालेल्या जागेत काय ठेवायचे, याचे उत्तर हुकमाने देता येत नाही. ते कुणीतरी बसून, वर्षानुवर्षे खपून तयार करावे लागते. स्टीफन्स यांनी ते गाऱ्हाणे ऐकून घेतले. विचारणाऱ्याला गप्प केले नाही, त्याच्या श्रद्धेवर संशय घेतला नाही. उलट त्याचा प्रश्न ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला घातला आणि त्याला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाची निर्मिती, आदाम-एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद राजा व संदेष्टे, म्हणजे जुना करार येतो. त्यात ३६ अवस्वर आहेत; अवस्वर म्हणजे अध्याय. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर आहेत व त्यात पवित्र मारियेपासून प्रभू येशूचे जन्म, कार्य, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण इथपर्यंतची कथा आहे. गणित करून पाहा. दर रविवारी एक अवस्वर वाचला तर संपूर्ण पुराण व्हायला एक वर्ष दहा महिने लागतील. आणि रोज घरी तीस ओव्या म्हटल्या तर बरोबर वर्षभरात ते पूर्ण होईल. तीस ओव्यांना वेळ फारसा लागत नाही. चुलीवर भात शिजेपर्यंत होतात.

भाषा निवडताना त्यांनी केलेला विचार तर आपल्या वाचकांनी व धर्मशिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. शुद्ध मराठी सर्वसामान्यांना समजणार नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून घरगुती बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या कानाला जो शब्द आधीच ओळखीचा व पवित्र होता, तोच त्यांनी घेतला. मूर्तिपूजेविषयी त्या काळाची कठोरता त्यांच्या ग्रंथातही आहे, ती नाही असे म्हणता येणार नाही. आजची ख्रिस्तसभा इतर धर्मांविषयी ज्या आदराने बोलते, तो आदर शब्दांत यायला दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली. पण भाषेचा आदर मात्र त्यांच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच होता.

छपाईची कथा वेगळीच आहे. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ सालीच आले होते, पण त्यावर रोमन अक्षरेच होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून एक जुनी इच्छा सांगितली. इथल्या लोकांची पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत, अशी ती इच्छा होती. अडचण त्यांना ठाऊक होती. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून खिळे सहाशेच्या घरात जातात. पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असे त्यांनी सुचविले होते. साठीला टेकलेला, दिवसभर चर्चच्या कामात बुडालेला माणूस आपल्या बाराखडीचे खिळे मोजत बसला होता! विनंती प्रत्यक्षात आली नाही. १६१६ साली रायतूर येथे पुराण छापले गेले ते रोमन अक्षरांतच. मराठी ओव्या आणि परकी लिपी, अशी ती जोडी होती.

पण ऐकणाऱ्याला लिपी दिसत नाही. गावात एखाद-दुसरा वाचणारा असे; तो वाचायचा, बाकीचे ऐकायचे. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये पुराण वाचले जाऊ लागले. ऐकून ऐकून लोकांना ते पाठ झाले, आणि चर्चमधून ते घरी गेले. हा वाचणारा कोण होता, याचा मी पुष्कळदा विचार करतो. तो धर्मगुरू नव्हे, विद्वान नव्हे; अक्षरओळख असलेला गावातलाच एक साधा माणूस. त्याचे नाव कुठल्याही इतिहासात नाही. स्टीफन्स यांनी ओव्या रचल्या खऱ्या, पण या वाचणाऱ्यांनी आवाज दिला नसता तर त्या कागदावरच राहिल्या असत्या. आपल्याकडे मिस्सेच्या वेळी वाचन करण्यासाठी कुणी पुढे यायला तयार नसले की मला त्या अनामिक वाचणाऱ्यांची आठवण होते. आणि आयत्या वेळी वेदीजवळ येऊन पान शोधणारा वाचक दिसला तरीही होते! वाचन आदल्या रात्री घरी दोनदा मोठ्याने वाचून यावे, एवढी एकच विनंती या जागेतून करून ठेवतो.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात देवाघरी गेले. इंग्लंड पुन्हा त्यांनी पाहिले नाही. त्यांचे आणखी दोन ग्रंथ मृत्यूनंतर रायतूरलाच छापले गेले. १६२२ साली कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक निघाले आणि १६४० साली कोकणीचे व्याकरण. व्याकरणात फादर दिओगो रिबेरो व इतर धर्मगुरूंनी भर घातली होती. भारतीय भाषेचे छापलेले ते पहिले व्याकरण मानले जाते.

पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. त्यानंतर दिवस पालटले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी देवाची वाणी लोकांच्या हाती दिली, तीच भाषा सोडायचा हुकूम निघाला. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत उपलब्ध नाही. चौथी आवृत्ती तर त्या राजवटीत निघालीच नाही.

मग ग्रंथ टिकला कसा? लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. गोव्यातून अनेक कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूर भागात गेली. जमीनजुमला मागे राहिला, पण पुराणाची वही बरोबर गेली. प्रायश्चित्तकाळात घरोघरी त्यातील प्रभूच्या दुःखसहनाच्या ओव्या गायल्या जात. वही जीर्ण झाली की घरातले कुणीतरी दुसरी वही करून ती पुन्हा उतरवून काढी. अकरा हजार ओव्या हाताने लिहायच्या म्हणजे काय, हे ज्याने चार पाने सलग लिहून पाहिली आहेत त्याला कळेल. बोटे दुखतात, डोळे चुरचुरतात. पण लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द वाचावा लागतो, एकही ओवी गाळता येत नाही. शास्त्रवाचनाची याहून पक्की रीत मला माहीत नाही. याच वह्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापले. पण तेही रोमन अक्षरांतच.

दरम्यान मराठीत बायबलही आले होते. विल्यम केरी यांनी बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार काढला. आपल्या कॅथलिक घरांत मात्र रोज बायबल वाचण्याची सवय फार उशिरा आली. देवाच्या वाणीचे दार सर्व भाविकांसाठी सताड उघडे असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, तेव्हा कुठे ती मूळ धरू लागली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या वाणीचा रविवार म्हणून पाळण्याचे ठरविले. हे सारे होण्यापूर्वी साष्टीतल्या आणि मंगळूरच्या घरांत दिवेलागणीला अब्राहामाची व मोशेची कथा मराठी ओव्यांत ऐकली जात होती.

देवनागरीचे राहिले. लंडनमध्ये विल्यम मार्सडन या संग्राहकाने जमविलेल्या जुन्या हस्तलिखितांत पुराणाची देवनागरीत लिहिलेली प्रत होती. आपल्या संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या दशकात ती ओळखून लोकांसमोर आणली. धर्मासाठी ज्या देशातून स्टीफन्स यांना बाहेर पडावे लागले, त्याच देशाच्या राजधानीत त्यांचे मराठी पुराण मराठी अक्षरांत जपून ठेवलेले सापडले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण क्रिस्तपुराण देवनागरीत छापले, आणि १६०८ सालच्या पत्रात मागितलेली गोष्ट ३४८ वर्षांनी पूर्ण झाली. पुढे फादर नेल्सन फालकाव यांनी मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीत गद्य अर्थही दिला. जुन्या भाषेची भीती वाटत असेल त्यांनी त्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. येत्या प्रायश्चित्तकाळात कुणाला घरी वाचायचे असेल तर दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग घ्यावा, रोज तीस ओव्या, आणि त्या मोठ्याने वाचाव्यात. कारण त्या लिहिल्याच गेल्या आहेत शेजारी बसलेल्या माणसाने ऐकाव्यात म्हणून.